बोरी-बाभळींची ओवी : एका लोकगीताची रूपे आणि ‘मूळ पाठा’चा प्रश्न

लोकगीतांच्या अभ्यासात ‘मूळ पाठ’ हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. एखादी ओवी दोन गावांत दोन प्रकारे ऐकू आली की, त्यांपैकी मूळची कोणती व बिघडलेली कोणती, हा प्रश्न अभ्यासकाच्या मनात तत्काळ उभा राहतो. वस्तुतः हा प्रश्न हस्तलिखितांच्या चिकित्सेतून आलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या समोर ठेवून पाठनिश्चिती करणारा संपादक एक गोष्ट गृहीत धरीत असतो, आणि ती गृहीत धरण्याचा त्याला अधिकारही असतो. ती ही की, एका ग्रंथकाराने एका काळी एक पाठ सिद्ध केला होता. पुढील लेखनिकांच्या हातून त्यात जो फरक पडला तो वजा केला की मूळ हाती येते. जात्यावरच्या ओवीला हेच गृहीत लागू पडते काय, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन सीतेच्या वनवासावरील एका सुपरिचित ओवीच्या आधारे करावयाचे आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचा परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे. हा परिसर निवडण्यास सबळ कारण आहे. एकच रामकथा पुनःपुन्हा नव्या रूपात सांगण्याचा मराठी साहित्यातील अत्यंत विलक्षण असा ग्रांथिक प्रयोग बारामतीतच झाला. तो मोरोपंतांनी केला. पंडिताच्या लेखणीतून उतरलेली कथेची रूपे आणि दळणाऱ्या स्त्रीच्या कंठातून उमटलेली रूपे यांची तुलना या एकाच भूमीवर करता येते.

१. ओवी आणि जाते

ओवी हा मराठीतील अतिशय प्राचीन गानप्रकार होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आलेला आहे. ज्ञानेश्वरीची रचना १२९० ची. तेव्हा ज्ञानदेवांनी ओवीला ग्रंथात आणले त्यापूर्वी किमान दीडशे वर्षे ती स्त्रियांच्या श्रमाशी जोडलेली होती. ग्रंथातील ओवीचे साडेतीन चरण असतात. पहिल्या तीन चरणांना यमक आणि शेवटचा आखूड चरण मोकळा, अशी तिची साधारण घडण आहे. पुणे जिल्ह्यात जात्यावर गायिली जाणारी ओवी बहुधा दोन लांब चरणांची असते व दोन्ही चरणांच्या अखेरीस यमक असते. मात्र हे झाले कागदावरचे रूप. प्रत्यक्ष गाताना गायिका अर्धा चरण पुन्हा घोळविते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ यांसारखे शब्द घालते, एखादे पालुपद जोडते, आणि समोर बसलेली दुसरी स्त्री तोच चरण उचलून धरते. दोन ओळींचे गीत अशा रीतीने जात्याच्या अनेक फेऱ्या व्यापून राहते.

जात्याची खालची तळी स्थिर असते व वरची फिरते. ओवीच्या रचनेतही स्थिर व फिरता असे दोन भाग दिसून येतात. चरणान्तीचे यमक आणि त्या यमकाने बांधलेली मध्यवर्ती प्रतिमा हा स्थिर भाग होय. चरणाचा आरंभ, संबोधने, नात्याचे शब्द, गावांची व माणसांची नावे हा फिरता भाग होय. मुलाला ‘राघू’ व मुलीला ‘मैना’ म्हणण्याचा संकेत सर्वत्र एकच आहे. परंतु कोणत्या राघूसाठी व कोणत्या मैनेसाठी ओवी गावयाची, हे प्रत्येक गायिका आपल्या घरावरून ठरविते.

२. ओवीचा आशय व तिचे व्याकरण

ज्या ओवीचा येथे विचार करावयाचा आहे ती देशावर ठिकठिकाणी गायिली जात आलेली आहे. तिच्या पहिल्या चरणात गायिका ऐकणारीला हाक देते : एवढ्या मोठ्या रानात कोणी तरी रडत आहे, कान देऊन ऐक. दुसऱ्या चरणात त्या हाकेचा उलगडा होतो. रडणारी सीता आहे आणि तिची समजूत घालावयास तेथे कोणी माणूस नसल्यामुळे बोरी आणि बाभळी याच तिच्या भोवतालच्या बायका झाल्या आहेत. एवढाच ओवीचा विस्तार आहे. कोठे ‘वन’ येते, कोठे ‘अरण्य’. कोठे सीतेचे नाव आधी येते, कोठे रडण्याचा उल्लेख आधी येतो. चरणान्तीची ‘ऐक’ अशी हाक आणि ‘बायका’ हा शब्द मात्र आपली जागा सोडीत नाहीत.

ही झाडे कोणती, याकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. वाल्मीकींच्या काव्यात सीतेचा त्याग गंगेच्या तीरावर होतो. ओवीतील वन मात्र गंगातीरीचे नाही. बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा झाला व त्याच्या पाण्याखाली उसाची शेती उभी राहिली. तत्पूर्वी या भागातील बहुतेक शिवार जिरायतीच होते, आणि कालव्याच्या पाण्यापासून दूर असलेली गावे त्यानंतरही तशीच राहिली. बोर आणि बाभूळ ही अशा माळरानाची, ओढ्याकाठची व बांधावरची झाडे होत. दोन्ही काटेरी असून दोन्ही कोणी न लावता उगवतात. सीतेला ज्या वनात सोडले ते वन गायिकेने आपल्या शिवारात पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. मराठीत वड, पिंपळ, आंबा हे वृक्षवाचक शब्द पुल्लिंगी आहेत, तर बोर व बाभूळ हे शब्द झाडाच्या अर्थी स्त्रीलिंगी आहेत. त्यांची ‘बोरी’, ‘बाभळी’ ही अनेकवचने ‘लेकी’, ‘सुना’, ‘मुली’ यांच्या पंक्तीत सहज बसतात. झाडांच्या बायका होण्यासाठी जी कल्पनेची उडी लागते तिची अर्धी वाट व्याकरणाने आधीच मोकळी करून ठेवलेली असते. हिंदीत ‘बबूल’ हा शब्द पुल्लिंगी आहे. त्यामुळे ही ओवी हिंदीत शब्दशः उतरविली असता अर्थ कळेल, परंतु झाडे आणि बायका यांच्यामधील हा भाषिक दुवा तुटेल. शिवाय ‘बोरी’, ‘बाभळी’ आणि ‘बायका’ या तिन्ही शब्दांचा आरंभ एकाच वर्णाने होतो. अर्थाने जोडलेले शब्द नादानेही जोडले गेल्यामुळे ते स्मरणात पक्के बसतात. लेखनाचा आधार नसलेल्या परंपरेत स्मरणाला अशी बंधने लागतातच. ओवीतील जो भाग सर्वांत कमी बदलतो तोच नादाने सर्वांत घट्ट बांधलेला असतो, हा योगायोग नव्हे.

३. बोली आणि यमक

बारामती-इंदापूरकडील ग्रामीण बोलीत प्रमाण मराठीतील ‘ऐकणे’ हे क्रियापद ‘आयकणे’ असे उच्चारले जाते. याच बोलीत ‘होता’चे ‘व्हता’, ‘वेळ’चे ‘येळ’, ‘विठोबा’चे ‘इठोबा’ होते आणि ‘ण’च्या जागी बहुधा ‘न’ येतो. प्रस्तुत ओवीचे यमक या बोलीत आहे. ‘आयका’ आणि ‘बायका’ हे शब्द पहिल्या व्यंजनाखेरीज सर्वांशी सारखे आहेत. छापताना शुद्धलेखनाच्या आग्रहाने ‘आयका’चे ‘ऐका’ केले की यमकाचा पूर्वार्ध ढासळतो आणि केवळ ‘का’ एवढाच सारखा वर्ण उरतो. वाचकाला मग ओवी ओबडधोबड वाटते आणि गायिकेला यमक साधले नाही असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात यमक साधलेले होते. ते संपादकाने मोडलेले असते.

ही एकच जागा नाही. ‘पानी’ या शब्दाला ‘रानी’, म्हणजे ‘रानात’, हा शब्द बोलीत उत्तम जुळतो. तेथे ‘पाणी’ लिहिले की जुळणी संपली. ‘म्होरं’ व ‘प्वारं’ हे शब्द एकमेकांचे सोबती आहेत, पण ‘पुढे’ व ‘पोरे’ यांचे एकमेकांशी काही नाते नाही. बोलीतील रूप हे प्रमाणरूपाचा अपभ्रंश होय, ही समजूतही येथे टिकत नाही. ज्ञानेश्वरीत ‘आइकणे’ या धातूची रूपे विपुल आढळतात. म्हणजे दळणाऱ्या स्त्रीच्या तोंडी असलेले रूप आजच्या पुस्तकी रूपापेक्षा जुन्या मराठीला अधिक जवळचे आहे.

४. ओवीचा प्रवास

एका गावची ओवी दुसऱ्या गावी जाते ती मुख्यतः लग्नाच्या वाटेने. मुलगी आईसमोर जात्याला बसून ओव्या शिकते आणि सासरी गेल्यावर त्या जावेसमोर, सासूसमोर गाते. त्या जावेचे माहेर तिसऱ्याच गावी असते. एका जात्याच्या दोन बाजूंना दोन माहेरांच्या परंपरा समोरासमोर बसतात आणि एकाच खुंट्याला हात घालतात. एकीने चरण म्हणावा व दुसरीने तो आपल्या सवयीच्या शब्दांत उचलावा, यातून नवे रूप सिद्ध होते. नीरेच्या पलीकडे फलटण व माळशिरस आणि भीमेच्या पलीकडे करमाळा व माढा हे तालुके आहेत. सोयरिकी या नद्या ओलांडून होतात. त्यामुळे ओवीच्या रूपांचा नकाशा काढावयाचा झाल्यास तो तालुक्यांच्या किंवा जिल्ह्यांच्या सीमांवरून काढता येणार नाही. तो सोयरिकीच्या वर्तुळांवरून काढावा लागेल.

दुसरी वाट वारीची आहे. देहूहून पंढरपूरला जाणारी तुकाराममहाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशा मार्गाने पुढे सराटीला पोहोचते. बेलवाडी व इंदापूर येथे रिंगणे होतात. दूरदूरच्या स्त्रिया या वाटेवर दिवसाचे दिवस एकत्र चालतात व एकत्र गातात. विठ्ठलावरील ओव्यांबरोबर सीतेच्या, सुखदुःखाच्या ओव्यांचीही येथे देवाणघेवाण होणे स्वाभाविक आहे.

तिसरी वाट सक्तीची होती. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले व भीमाकाठची इंदापूर तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दृष्टीस पडते, म्हणून त्या गावाचे नाव लोकांच्या ध्यानात राहिले आहे. परंतु गाव उठले की घरांबरोबर शेजारही उठतो, आणि शेजाराबरोबर एकमेकींचे चरण उचलणाऱ्या जोड्याही विस्कटतात. त्याची नोंद कोणत्याही पुनर्वसनाच्या यादीत होत नाही.

५. वनवासाचे कारण

सीतेला वनात का जावे लागले, याचे वाल्मीकीरामायणातील उत्तर लोकापवाद हे आहे. मराठी स्त्रीगीतांत याहून निराळी एक कथा येते. कैकेयी सीतेला रावणाचे चित्र काढावयास सांगते. सीतेने रावणाच्या पायाचा अंगठाच काय तो पाहिलेला असतो, म्हणून ती तेवढाच काढते. उरलेले चित्र कैकेयी पूर्ण करते, ते रामाच्या दृष्टीस पडते आणि सीतेच्या नशिबी वनवास येतो. ही कथा केवळ महाराष्ट्राची नाही. सोळाव्या शतकातील बंगाली कवयित्री चंद्रावती हिच्या रामायणात कैकेयीची मुलगी कुकुया सीतेकडून पंख्यावर रावणाचे चित्र काढवून घेते. तेलुगू स्त्रियांच्या गीतांत हेच काम वेष पालटून आलेली शूर्पणखा करते. प्रदेश बदलला तसे चित्र काढविणारीचे नाव व नाते बदलले, पण सीतेचा घात घरात अथवा घराच्या उंबऱ्याशी झाला, हे सूत्र सर्वत्र कायम राहिले. प्रजेच्या कुजबुजीपेक्षा सासरच्या माणसाचा कावा हे कारण गाणाऱ्या स्त्रियांना अधिक पटण्यासारखे वाटले असावे, असे म्हणावयास हरकत नाही.

वनातील सांत्वनाचेही असेच आहे. उत्तरेकडील अवधी व भोजपुरी सोहरगीतांत सीतेच्या प्रसूतीच्या वेळी वनातून तपस्विनी येतात व तिला धीर देतात. मराठी ओवीत तपस्विनी नाहीत. ज्या झाडांची सरपणासाठी फांदी तोडली जाते व ज्यांचे काटे कुंपणाला लावले जातात ती झाडे येथे पुढे होतात. सांत्वन करणाऱ्या स्त्रिया आहेत, हा कथेचा सांगाडा दोन्हीकडे समान आहे. त्यावर कोणती काया चढवावयाची, हे त्या त्या मुलखाने आपल्या भूमीवरून व भाषेवरून ठरविले.

६. मोरोपंतांची रामायणे

आता याच भूमीतील पंडिती परंपरेकडे वळता येईल. मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यास झाला. पुढे ते बारामतीस आले आणि पेशव्यांचे सोयरे असलेल्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी स्थिरावले. १७९४ साली बारामतीतच त्यांचे देहावसान झाले. ‘आर्याभारत’ व ‘केकावली’ या रचनांबरोबर त्यांच्या अष्टोत्तरशत रामायणांचे नाव घेतले जाते. कथा एकच, प्रत्येक वेळी तिला नवा नियम घालून घ्यावयाचा आणि तो नियम पाळून ती पार न्यावयाची, असा हा उद्योग होता.

त्यांतील ‘निरोष्ठ रामायण’ भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. ज्या वर्णांच्या उच्चाराला ओठ लागतात ते वर्ण या रचनेत वर्ज्य मानलेले आहेत. ‘म’ हा ओष्ठ्य वर्ण असल्यामुळे ‘राम’ हा शब्दच रामकथेत उच्चारता येत नाही आणि कवीला नायकाचा निर्देश अन्य नावांनी करावा लागतो. ‘बोरी’, ‘बाभळी’, ‘बायका’ हे शब्द तर अशा रचनेच्या दारातही उभे राहू शकणार नाहीत.

बोरी-बाभळींच्या ओवीतही रामाचे नाव येत नाही. पण दोन्हीकडील कारणे भिन्न आहेत. निरोष्ठ रामायणात राम सर्वत्र आहे, केवळ त्याचे नाव नियमाने अडविलेले आहे. ओवीत राम मुळीच नाही. रडणारी आहे, ऐकणारी आहे आणि समजूत घालणाऱ्या आहेत. पंडिताचे रूपान्तर रचनेच्या पातळीवर होते व त्याचा आस्वाद घेणाऱ्याला कवीने कोणता नियम कसा निभावला हे ठाऊक असावे लागते. ओवीचे रूपान्तर नात्यांच्या पातळीवर होते व तिचा आस्वाद घेणारीला आपल्या जात्यासमोर कोण बसले आहे एवढेच ठाऊक असावे लागते. मोरोपंतांच्या रामायणांतील प्रत्येकाला आपण स्वतंत्र कृती मानतो आणि त्यांपैकी मूळ रामायण कोणते, असे विचारीत नाही. हाच न्याय ओवीच्या रूपांना लावण्यास अभ्यासक का कचरतात, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुधा एवढेच की, पंतांचे नाव ठाऊक आहे आणि दळणारीचे नाही. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हटले. त्या नावातील श्लेष मार्मिक आहे. वेदांप्रमाणे या गीतांना कर्ता नाही, आणि ती पुरुषांचीही नाहीत.

७. ध्वनिमुद्रित गीत व त्याची पुनर्गायने

विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणामुळे गीताच्या रूपान्तराला तिसरा अर्थ आला. एका गायकाने ध्वनिमुद्रित केलेले गीत दुसऱ्याने पुन्हा गावे, या प्रकाराला पाश्चात्त्य संगीतव्यवसायात ‘कव्हर’ म्हणतात. या कल्पनेत पहिले मुद्रण हे मूळ ठरते आणि पुढील सर्व गायने त्याच्या संदर्भात मोजली जातात. अमेरिकेतील ग्रामीण गीतांपैकी ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे गीत या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९२८ साली कार्टर कुटुंबाने ते ध्वनिमुद्रित केले व पुढे असंख्य गायकांनी ते त्यांच्यामागून गायिले. परंतु कार्टर कुटुंबाचे गीत हेही मूळ नव्हते. जोसेफ फिलब्रिक वेब्स्टर याने संगीत दिलेले एक दिवाणखानी गीत १८६० मध्ये छापले गेले होते. ते डोंगराळ मुलखात तोंडोतोंडी फिरत राहिले व त्या फिरण्यात त्यातील फुलांची नावे अशी पालटली की, काही नावांचे फूल कोठल्याच बागेत सापडू नये. या गीताच्या बाबतीत बदल मोजता येतो, कारण मागे छापील प्रत आहे. ओवीच्या मागे अशी प्रत नाही. म्हणून तिच्यातील फरकाला भ्रष्टता म्हणण्यास आधारच उरत नाही.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण म्हणजे ‘गीतरामायण’. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या संगीतात पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ या वर्षात दर आठवड्याला प्रसारित झाली. नभोवाणीवर ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली. पुढे फडके यांनी जाहीर कार्यक्रमांतून सर्व गीते स्वतः गायिली आणि अनेक श्रोत्यांच्या कानांत तीच रूपे कायमची बसली. अन्य भाषांत त्यांचे अनुवाद झाले ते मूळ चालींवर म्हणता येतील असे. म्हणजे शब्द बदलले व चाल टिकली. ओवीत चालही गावोगाव बदलते, शब्दही बदलतात, आणि टिकते ती यमकाने बांधलेली प्रतिमा. गीतरामायणाची योजना कुश-लवांनी रामासमोर केलेल्या गायनाची आहे, व ती वाल्मीकींना धरून आहे. आदिकाव्यानेच आपले पहिले रूप शिकविलेले व गायिलेले असे सांगितले आहे, ही गोष्ट मूळ पाठाचा शोध घेणाऱ्याने विसरता कामा नये.

८. संग्रह आणि संपादकाची जबाबदारी

गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या व जात्यावरचे रोजचे दळण थांबले. त्यामुळे स्त्रियांचे कष्ट फार मोठ्या प्रमाणावर कमी झाले. ओवीसाठी ते कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. लग्नातील हळदीच्या वेळी जाते पूजिले जाते व त्यापुरत्या ओव्या गायिल्या जातात. परंतु एकमेकींसमोर नित्य बसण्याचा प्रसंग गेल्याने नवी रूपे घडण्याची जागाही गेली आहे. उरली आहेत ती संग्रहांतील रूपे.

साने गुरुजींचा ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे केलेले विपुल संकलन आणि दुर्गा भागवत यांचे तात्त्विक विवेचन यांनी या क्षेत्राचा पाया घातला. त्यानंतर हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेतर्फे सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण १९९० नंतरच्या दशकात झाले. पुणे जिल्ह्याचा वाटा या संग्रहात मोठा आहे व इंदापूर तालुक्यातील गायिकाही त्यात आहेत. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ही संस्था गायिकेच्या व गावाच्या नावांसह या ओव्या प्रसिद्ध करीत आली आहे. अपौरुषेय म्हटलेल्या वाङ्मयाला त्यामुळे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर गाणारीचे नाव लाभले.

येथून पुढे संपादकाच्या हातून दोन प्रकारची हानी संभवते. पहिली, बोलीचे शुद्धीकरण करून यमक मोडण्याची. दुसरी, एका ओवीच्या दहा रूपांतून ‘उत्तम’ असे एक निवडून उरलेली नऊ पाठभेद म्हणून तळटीपेत टाकण्याची, किंवा मुळीच गाळण्याची. गाण्याची परंपरा जिवंत असताना या चुका तितक्या घातक नव्हत्या. पुस्तकात काहीही छापले तरी जात्यावर स्त्रिया आपले तेच गात राहिल्या. आज तशी स्थिती नाही. जे लिहिले जाईल तेच पुढच्या पिढीला ओवी म्हणून मिळेल.

म्हणून बारामती-इंदापूर परिसरात किंवा अन्यत्र ओव्या टिपणाऱ्याने काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. उच्चार ऐकू येईल तसाच लिहावा. प्रमाणरूप द्यावयाचे तर ते वेगळे द्यावे. गायिकेच्या सासरबरोबर तिच्या माहेरचे गावही नोंदवावे, कारण रूपाचा उगम बहुधा तिकडे असतो. ओवी कोणाकडून शिकली व जात्याला समोर कोण बसत असे, हे विचारावे. एकीनेच दोन वेळा दोन प्रकारे गायिली तर दोन्ही रूपे घ्यावीत आणि त्यांतील खरे कोणते, असे तिला विचारू नये. या प्रश्नाचा गाणारीच्या अनुभवाशी काही संबंध नाही. पहिल्या दिवशी समोर जाऊ होती व दुसऱ्या दिवशी माहेरी आलेली लेक होती, म्हणून ओवी बदलली. हा बदल हाच ओवीचा अर्थ होय.

बोरी-बाभळींच्या ओवीला मूळ पाठ नाही. तिला एक यमक आहे, एक प्रतिमा आहे आणि रडणारीकडे कान देण्याची एक हाक आहे. ही तीन अंगे जपून गायिलेले प्रत्येक रूप मूळच होय. संपादकाने ‘आयका’ हा शब्द तसाच राहू दिला, तर ती हाक पुढेही ऐकू येत राहील.